जांघेतली खाज आणि मेडिकलमधली ट्यूब

प्रश्न (थोडक्यात): वय ३६, टेम्पो चालवतो. चार महिन्यांपासून दोन्ही जांघांत खाज आहे, आता ती अंडाच्या पिशवीपर्यंत आली आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, सोडली की दुप्पट होतं. दोन आठवड्यांपासून शिश्नाच्या टोकालाही लाली आणि जळजळ आहे, पुढची कातडी मागे घेताना बारीक चिरा पडतात. बाहेर कुठेही संबंध नाहीत. तरी हा गुप्तरोग असू शकतो का? बायकोला काय सांगू? आणि डॉक्टरकडे नेमकं कधी जायचं?

उत्तर:

चार दिवस बरं, सोडली की दुप्पट. तुमच्या प्रश्नातलं माझ्या सर्वांत कामाचं वाक्य हे. ट्यूबचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण तिच्या पाठीवर तीन-चार औषधांची नावं एकाखाली एक असणार, असं मी न बघता सांगतो. एक बुरशीवरचं, एक अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड. सोलापुरात मी २२ वर्षं त्वचारोगाची ओपीडी करतो आहे. जांघेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाने खिशातून अशी चेपलेली ट्यूब काढली नाही, असा दिवस क्वचितच जातो.

आधी तुमच्या भीतीबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यावरून गुप्तरोगाची शक्यता कमी वाटते. न बघता 'अजिबात नाही' मी म्हणणार नाही, तुम्हीही कुणाकडून तसं ऐकून घेऊ नका. पण माझा अंदाज असा, की तुम्हाला दोन वेगळे आजार एकाच वेळी झाले आहेत आणि शेजारी शेजारी असल्यामुळे तुम्ही ते एकच समजताय. जांघेतला नायटा आहे. टोकाची लाली आणि चिरा हे वेगळं प्रकरण आहे, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते.

नायट्यापासून सुरुवात करू. गजकर्ण म्हणा, दाद म्हणा, ही कातडीवरची बुरशी आहे. घाम, घट्ट कपडे, तासन्‌तास बसून काम, इंजिनाची ऊब, एवढं मिळालं की ती जांघेत मजेत राहते. मी शिकत होतो तेव्हा साधं मलम दोन-तीन आठवडे लावलं की नायटा जायचा. आता जात नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे या बुरशीची एक चिवट जात पसरली. २०२० मध्ये तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं नाव मिळालं, त्या नावातच हिंदुस्थान आहे. तिच्यातल्या बऱ्याच बुरशीवर टर्बिनाफिन हे जुनं भरवशाचं औषध नीट चालत नाही. त्यामुळे गोळ्या आणि मलम मिळून महिना-दीड महिना, कधी दोन-तीन महिनेही उपचार चालतो. चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे मलम सुरू ठेवावं लागतं. आठव्या दिवशी खाज थांबली म्हणून औषध सोडणारा माणूस महिन्याभरात परत माझ्यासमोर बसलेला असतो.

आता त्या ट्यूबकडे येऊ. खाज कशामुळे येते? बुरशी आली हे ओळखून शरीर तिच्याशी झगडतं, त्या झगड्याची ती खाज. स्टेरॉइड झगडणाऱ्यांनाच झोपवतं. खाज थांबते, लाली उतरते, आणि बुरशी निवांत वाढत राहते. ट्यूब बंद केली की शरीर जागं होतं, तोवर चट्टा वीतभर झालेला असतो. शिवाय नायट्याची ओळख म्हणजे त्याची गोल, उठावदार कड. तीच स्टेरॉइडने पुसली जाते, मग डॉक्टरही चकतो. नायटा अंडाच्या पिशवीवर सहसा चढत नाही, असं आमच्या जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं. या ट्यूबा लावलेल्या लोकांत तो पिशवीवर, शिश्नावर, कुठेही दिसतो.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एक जरी नाव असलं तरी ती जांघेच्या नायट्यासाठी नाही. अशी स्टेरॉइडची मलमं २०१८ मध्ये शेड्यूल एच मध्ये आली, म्हणजे कायद्याने चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. तरीही काउंटरवर 'खाजेची ट्यूब' मागितली की काय हातात पडतं, ते तुम्ही अनुभवलंच आहे. मेडिकलवाल्यावर मी सगळा राग काढत नाही. मागणारा घाईत असतो, लाजलेला असतो, आणि त्याला आज रात्री झोप हवी असते.

या जागेच्या कातडीची एक गोष्ट मात्र प्रत्येक पुरुषाला माहीत असायला हवी. १९६७ मध्ये दोन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून ते किती आत शोषलं जातं हे मोजलं. हाताच्या कातडीपेक्षा अंडाच्या पिशवीची कातडी जवळजवळ ४२ पट जास्त शोषते, असं निघालं. हाताला चालणारं मलम तिथे चाललं पाहिजे असं अजिबात नाही. महिनोन्‌महिने जोरकस स्टेरॉइड लावलं की तिथली कातडी कागदासारखी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात. जांघेत गरोदर बाईच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटतात आणि ते कायमचे राहतात. काहींची पिशवी लालबुंद होऊन तिची आग होत राहते. पंख्याचा वाराही सोसत नाही. आधीचा आजार केव्हाच बरा झालेला असतो, हा ट्यूबचा आजार असतो.

म्हणून ती ट्यूब थांबवायची. पण चार महिने लावली आहे, तेव्हा थांबवल्यावर आठ-दहा दिवस जास्त लाल होईल, जास्त खाजेल, हे धरून चाला. त्याच सुमारास डॉक्टरची वेळ घ्या, म्हणजे तेवढ्या दिवसांसाठी खाजेची गोळी मिळेल आणि तुम्ही घाबरून परत तीच ट्यूब हातात घेणार नाही.

डॉक्टर चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट ब्लेडने खरवडून काचपट्टीवर घेतील, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतील. स्वस्त तपासणी आहे, दुखत नाही, पाऊण तासाच्या आत उत्तर मिळतं. गोळी बहुधा इट्राकोनॅझोलची असेल. ती भरल्या पोटी घ्यायची, आणि रोज सकाळी गॅसची गोळी घेत असाल तर ते आधी सांगायचं, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की ही कॅप्सूल नीट शोषली जात नाही. हृदयाचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर तेही सांगा. यातलं काही मित्राच्या चिठ्ठीवरून घेऊ नका.

औषधाइतकंच घरातलं काम आहे. गाव टॉवेलचं असलं तरी आमच्या बऱ्याच घरांत एकाच टॉवेलला चौघं अंग पुसतात, आणि बुरशी त्याच वाटेने फिरते. तुमचा टॉवेल, तुमची चड्डी वेगळी ठेवा, गरम पाण्यात धुवा, उन्हात उलटी करून वाळवा, पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. जीन्स काही महिने विसरा. नाडीची सुती चड्डी आणि ढगळ पँट बरी. आणि एक गोष्ट जी कुणी आपणहून सांगत नाही: करदोटा. कमरेचा काळा दोरा वर्षानुवर्षं घामात भिजत असतो, बुरशीला बसायला उत्तम जागा. श्रद्धेचा मान ठेवून सांगतो, उपचार चालू आहे तोवर तो काढा, बरं झाल्यावर नवा बांधा. घरात आणखी कुणाला चट्टे असतील, अगदी लहान मुलाच्या पोटावर असले तरी, सगळ्यांचा उपचार एकाच वेळी झाला पाहिजे. नाहीतर बुरशी घरातल्या घरात भेटीगाठी घेत राहते.

आता टोकाकडे वळू. लाली, जळजळ, पुढची कातडी मागे घेताना पडणाऱ्या उभ्या बारीक चिरा, कधी दह्यासारखा पांढरा थर. हे ऐकलं की मी पहिला प्रश्न विचारतो, साखर शेवटची कधी तपासली? उत्तर बहुतेक वेळा 'कधीच नाही'. ही कँडिडा नावाची वेगळी बुरशी आहे. लघवीतून साखर जायला लागली की कातडीच्या आतल्या ओलसर जागेत ती चांगली पोसली जाते. मधुमेह आहे हे ज्यांना पहिल्यांदा या चिरांमुळे कळलं, असे माझे पुष्कळ पेशंट आहेत. त्यांतले काही तुमच्याच वयाचे होते. तेव्हा उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, जमलं तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, पण करा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून वर, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून वर आलं तर फिजिशियनकडे जावंच लागेल.

मधुमेह आधीपासून असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी, शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येणारी गोळी चालू आहे का बघा. ती जास्तीची साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढते. हृदयाला आणि मूत्रपिंडाला चांगली आहे, पण या जागेच्या बुरशीचा त्रास तिच्यामुळे वाढतो. ती आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरला सांगायचं, आणि लघवीनंतर ती जागा पाण्याने धुऊन टिपून कोरडी करायची सवय लावायची.

टोकावरच्या या बुरशीला साधं क्लोट्रिमॅझोलचं १ टक्क्याचं मलम, ज्यात दुसरं काहीही मिसळलेलं नाही असं, दिवसातून दोनदा सात ते चौदा दिवस लावलं तर बहुतेकांना पुरतं. आठवड्यात फरक दिसला नाही तर पुढे स्वतः प्रयोग नकोत. अशा मलमांतल्या तेलकट घटकांनी निरोध कमजोर होतो, हेही लक्षात ठेवा. तसंही बरं होईपर्यंत संबंध टाळलेलेच बरे. चिरांवर घासलं की त्या भरत नाहीत.

धुण्याबद्दल दोन्ही टोकांची माणसं भेटतात. काही जण कातडी मागे घेऊन कधीच धूत नाहीत. काही घाबरून दिवसातून चारदा साबण लावतात, पाण्यात अँटिसेप्टिकची बाटली ओततात, आणि मग साबणामुळेच जळजळ होते. दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, कातडी परत पुढे घ्या. बस. लिंबू, लसूण, बाम, रॉकेल, ब्लेडने खरवडणं, हे सगळं मी पाहिलं आहे. कुणाच्या सांगण्यावरून बिब्बा लावलेला एक आजोबा आठवतात. नायटा तळहाताएवढा होता आणि बिब्ब्याने भाजलेली जागा मांडीभर. नायट्यावर म्हणून मिळणारी झोंबणारी सॅलिसिलिक अ‍ॅसिडची पातळ औषधंही पिशवीवर लावली की कातडी सोलून निघते. झोंबतं म्हणजे गुण येतोय, हा समज कुठून आला कोण जाणे.

'उष्णता झाली' हे आपल्याकडचं सगळ्यात लाडकं निदान. सब्जा प्या, गुलकंद खा, माझी हरकत नाही. पण दोन आठवडे गुलकंदावर काढून कुणी चिघळलेला घाव घेऊन आला की वाईट वाटतं.

आता एका आजाराबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं आणि त्याच्यापायी मी संसारात वादळं उठलेली पाहिली आहेत. माणसाला जुलाब होतात, तो मेडिकलमधून गोळी घेतो. दुसऱ्या दिवशी शिश्नाच्या टोकावर जांभळट डाग, कधी त्यावर पाण्याचा फोड, फुटला की घाव. बायको विचारते, हे कुठून आणलंत? हा शपथा घेतो. आठ-दहा दिवसांत घाव भरतो, काळा डाग राहतो. पुढच्या उन्हाळ्यात परत जुलाब, परत तीच गोळी, आणि बरोब्बर त्याच जागी परत फोड. हा गुप्तरोग नाही. ही औषधाची ठरावीक जागी उठणारी अ‍ॅलर्जी आहे, आणि शिश्नाचं टोक व ओठ या तिच्या आवडत्या जागा आहेत. जुलाबावरच्या नॉरफ्लॉक्सासिन, टिनिडॅझोलसारख्या गोळ्या, सल्फाची औषधं, डॉक्सीसायक्लिन, अंगदुखीच्या गोळ्या, क्वचित साधी पॅरासिटामॉलसुद्धा हे करू शकते. फोड यायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत कोणती गोळी पोटात गेली, हे आठवलं की निदान झालं. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, तीन वर्षं एकमेकांशी नीट बोलत नव्हतं. औषधांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी बाईंनीच जपून ठेवली होती, पुरावा म्हणून. त्याच पिशवीतून नवऱ्याची निर्दोष सुटका झाली. गोळीचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवायचं आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवायचं, पुढचा उपचार एवढाच.

रात्री अंथरुणात पडल्यावर खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ असेल, घरातले बाकीचेही खाजवत असतील आणि पिशवीवर वाटाण्याएवढ्या कडक गाठी असतील, तर ती खरूज. पर्मेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा. तान्हं बाळ असेल तर आधी विचारा. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते, आणि त्या गाठी तर महिनेही राहतात. त्यामुळे औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

आणि जे आजारच नाहीत तेही सांगून टाकतो, कारण त्यासाठी कॉलेजची मुलं रात्र रात्र जागतात. टोकाच्या कडेने मोत्यांच्या माळेसारखे एकसारखे बारीक पांढरट दाणे असतील तर ती शरीराची नैसर्गिक ठेवण आहे. दांड्याच्या कातडीवर रव्यासारखे पिवळसर कण दिसतात त्या तेलग्रंथी आहेत. खाज नाही, वाढ नाही, तर काहीही करायचं नाही. एसटी स्टँडच्या मुतारीतल्या जाहिराती वाचून यावर हजारो रुपये घालवलेले लोक मला भेटले आहेत.

गुप्तरोग कसे दिसतात, तेही ऐका. आगीसोबत पाण्याच्या बारीक फोडांचा झुपका, पुन्हा पुन्हा येणारा, तो नागिणीच्या जातीचा हर्पिस. लघवीच्या वाटे पू किंवा स्राव. फुलकोबीसारखे चामखीळ. आणि सगळ्यात फसवा सिफिलिस, ज्याला जुने लोक गरमी म्हणत. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक कडक, अजिबात न दुखणारा घाव होतो आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. माणूस सुटलो म्हणतो, रोग मात्र रक्तात राहतो, गरोदर बायकोकडून पोटातल्या बाळापर्यंत जातो. रक्ताच्या तपासणीत तो सापडतो आणि पेनिसिलिनच्या इंजेक्शनने आजही बरा होतो. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे या आजारांची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. एचआयव्हीची तपासणीही सरकारीत मोफत असते. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता बोलता येतं.

आता कधी जायचं. तुमच्या तक्रारीसाठी याच आठवड्यात. एरवी जांघेत नुसती खाज आहे, घाव नाही, स्राव नाही, तर साधं मलम, कोरडेपणा आणि ढगळ कपडे यांवर दोन आठवडे बघायला हरकत नाही. घाव, फोड, पू, जांघेत गाठ, यातलं काही दिसलं तर एक-दोन दिवसांत दाखवा. औषध लावून पुसून टाकायच्या आत डॉक्टरला ते बघू द्या.

पण काही गोष्टींना सकाळचीही वाट बघायची नाही. मागे घेतलेली कातडी पुढे येत नाही आणि टोक सुजत चाललंय. लघवी अडली आहे. पिशवीची किंवा गुदद्वाराजवळची कातडी बघता बघता सुजते, काळी पडते, ताप आहे, आणि दिसतं त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त आहे. मधुमेह्यांमध्ये हे काही तासांत जीवावर बेततं, याला शस्त्रक्रिया लागते. नवीन औषध सुरू केल्यावर खाली घाव, तोंडात घाव, डोळे लाल आणि अंगात ताप, हे सगळं एकत्र आलं. किंवा अचानक एका वृषणात असह्य कळ आली. ती कातडीची नसते, आत पीळ पडलेला असतो, आणि वृषण वाचवायला साधारण सहा तास मिळतात. अशा वेळी माझ्यासारख्याकडे नाही, थेट मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जायचं.

उलट, न दुखणाऱ्या हळू गोष्टींना माणूस वर्षानुवर्षं टाळतो. टोकावर किंवा कातडीवर पांढरट, कडक पट्टा येऊन कातडी मागे जाणं बंद होत असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. वेळेत उपचार केला तर ठीक, नाहीतर लघवीचं भोक आकसतं. आणि चार आठवड्यांत न भरणारा घाव किंवा वाढणारी गाठ, वय काहीही असो, तिचा तुकडा काढून तपासलाच पाहिजे. शिश्नाचा कर्करोग लवकर सापडला तर थोडक्यात निभावतो. कातडी मागे न जाणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या साठीच्या माणसांत मी तो उशिरा सापडलेला पाहिला आहे. दोन वर्षं त्यांनी कुणाला दाखवलंच नव्हतं.

बायकोला काय सांगायचं? जे आहे ते. जांघेत नायटा आहे, टोकाला बुरशी आहे, साखर तपासायला चाललोय. तिलाही खाज किंवा पांढरं जाणं असेल तर तिने स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. तिला काही त्रास नसेल तर कँडिडासाठी तिला औषध लागत नाही. नायटा मात्र तिच्या अंगावर आहे का बघा.

आमच्या दाराबाहेर 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ' अशी पाटी असते, तिच्यातल्या दुसऱ्या शब्दामुळे बरेच जण रस्ता ओलांडतात. तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि आम्ही असं दिवसभर बघत असतो. येताना दोन दिवस त्या जागी काहीही लावू नका, पावडरसुद्धा नाही. लावलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी संपलेल्याही, आणि गेल्या महिन्याभरातल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. त्रास येतो-जातो अशा प्रकारचा असेल तर जास्त असेल तेव्हाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साखरेचा रिपोर्टही सोबत आणा.